लोकप्रतिनिधींचे नेतृत्व आणि लोकांच्या अपेक्षा
महाडच्या ठरावापासून आजच्या ग्रामसभेपर्यंत

प्रास्ताविक

भारतीय लोकशाहीच्या इमारतीचे संसद हे शिखर असेल, तर ग्रामपंचायत आणि नगरपालिका हा तिचा उंबरठा आहे. सामान्य माणूस शिखराकडे दुरून पाहतो. त्याचे रोजचे येणे-जाणे मात्र उंबरठ्यावरूनच होते. नळाला पाणी येते की नाही, वस्तीतला दिवा पेटतो की नाही, अंगणवाडीचे छप्पर गळते काय, स्मशानभूमीकडे जाणाऱ्या वाटेवर खडी आहे की चिखल, घरकुलाच्या यादीत गरजू विधवेचे नाव आहे की सुस्थितीतल्या एखाद्याचे, या प्रश्नांची उत्तरे दिल्लीत ठरत नाहीत. ती गावातच, आपल्या ओळखीच्या आणि पुष्कळदा आपल्याच नात्यागोत्यातील माणसांच्या हातून ठरतात.

म्हणूनच स्थानिक लोकप्रतिनिधींकडून लोकांनी कोणत्या नेतृत्वाची अपेक्षा करावी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. लोक आज ज्या अपेक्षा बाळगतात त्या कितपत योग्य आहेत, हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग होय. आपल्या वसतिगृहात राहून शिकणारा विद्यार्थी वयाची १८ वर्षे पूर्ण होताच मतदार होतो आणि २१ वर्षे पूर्ण होताच ग्रामपंचायतीची निवडणूक लढविण्यास पात्र ठरतो. बारावीच्या परीक्षेपासून हे अंतर अवघे तीन-चार वर्षांचे आहे. तेव्हा या विषयाचा विचार शालेय जीवनातच होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात इतिहासातील एक प्रसंग, कायद्यातील तरतुदी आणि आजचा अनुभव या तीन अंगांनी हा विचार मांडला आहे.

१. महाडचा ठराव आणि त्याचे भवितव्य

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला पाठ असतो. परंतु स्थानिक स्वराज्य संस्थेच्या दृष्टीने त्या घटनेचा अभ्यास क्वचितच केला जातो. तो केला असता एक वेगळाच धडा हाती येतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. त्यानुसार सरकारने आज्ञा काढली. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष असलेले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी उदार मनाची माणसे त्या गावात होती, ही गोष्ट कृतज्ञतेने नोंदविली पाहिजे.

पण ठराव झाला म्हणून पाणी मिळाले काय? नाही. स्पृश्य समाजाच्या विरोधामुळे तो ठराव तीन वर्षे कागदावरच पडून राहिला. कायदे कौन्सिलचा ठराव होता, सरकारची आज्ञा होती, नगरपालिकेचा निर्णय होता. तरी तळ्याच्या पायऱ्या उतरण्याची सोय नव्हती. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह स्वतः जाऊन ओंजळभर पाणी घ्यावे लागले आणि त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले. ज्या संस्थेने हक्क मान्य केला होता, तिने या प्रसंगी त्या हक्काच्या रक्षणासाठी उभे राहणे अपेक्षित होते. घडले ते उलटेच. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावच मागे घेतला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ठराव आणि निकाल यांच्यामध्ये १३ वर्षे गेली.

या प्रसंगातून नेतृत्वाच्या तीन पायऱ्या स्पष्ट होतात. योग्य निर्णय घेणे ही पहिली, तो अमलात आणणे ही दुसरी आणि विरोध झाला तरी त्यावर ठाम राहणे ही तिसरी. महाडच्या नगरपालिकेने पहिली पायरी ओलांडली. दुसरीवर ती थबकली आणि तिसरीवरून मागे फिरली. आजच्या कोणत्याही गावातील लोकप्रतिनिधींचे मोजमाप याच तीन पायऱ्यांवर करता येते. एखाद्या ग्रामपंचायतीचे कार्यवृत्त उघडून पाहावे. ठरावांची संख्या तेथे मोठी असते. त्या ठरावांपुढे ‘अंमल झाला’ अशी नोंद किती ठिकाणी सापडते, हा खरा प्रश्न आहे.

२. बाबासाहेबांचा इशारा

बाबासाहेबांना ग्रामपंचायतींविषयी भाबडे प्रेम नव्हते. ६ ऑक्टोबर १९३२ रोजी ग्रामपंचायत विधेयकावर मुंबई कायदे कौन्सिलात बोलताना त्यांनी अल्पसंख्य व अस्पृश्य वर्गांना स्वतंत्र संरक्षण नसेल तर अशा पंचायतींच्या हाती सत्ता देणे धोक्याचे आहे, अशी भूमिका घेतली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा सादर करतानाही त्यांनी खेड्याच्या गुणगानावर कठोर टीका केली आणि गावाऐवजी व्यक्ती हा घटनेचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले.

या टीकेचा अर्थ स्थानिक स्वराज्याला विरोध असा काढणे बरोबर होणार नाही. बाबासाहेबांचा प्रश्न साधा होता: गावाची सत्ता म्हणजे गावातील कोणाची सत्ता? ज्याच्याकडे जमीन आहे, संख्या आहे, ज्याच्या शेतावर बाकीच्यांना मजुरीला जावे लागते, त्याच्याच हाती पंचायतीच्या चाव्या जाणार असतील, तर स्वराज्य हा शब्द वाड्यापुरता उरतो. वस्तीपर्यंत तो पोहोचत नाही. पुढे १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला, तेव्हा अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखून ठेवण्याचे बंधनही घातले. बाबासाहेबांच्या आक्षेपाला उशिराने मिळालेले ते एक उत्तर होते, असे म्हणावयास हरकत नाही.

३. कायद्याने लोकांच्या हाती काय दिले

अपेक्षा करण्यापूर्वी अधिकार माहीत असले पाहिजेत. ज्याला आपल्या अधिकाराची माहिती नसते, तो हक्काच्या वस्तूसाठी विनवणी करतो. म्हणून काही ठळक तरतुदी येथे देत आहे.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने पंचायतींचा कार्यकाल पाच वर्षांचा ठरविला, ग्रामसभेला घटनेत स्थान दिले आणि अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय नमूद केले. पिण्याचे पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण, आरोग्य, दुर्बल घटकांचे कल्याण हे त्यांपैकी काही होत. महाराष्ट्रात १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम लागू आहे. त्यानुसार आर्थिक वर्षात ग्रामसभेच्या किमान चार सभा घ्याव्या लागतात. गावातील प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सभासद असतो. त्यासाठी कोणाच्या निमंत्रणाची वा परवानगीची गरज नसते. सभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्या सभासदांची उपस्थिती लागते. ग्रामसभेपूर्वी स्त्री मतदारांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे.

वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल आणि पुढील विकासकामांचा कार्यक्रम मांडला गेला पाहिजे. अनेक योजनांच्या लाभार्थ्यांची निवड ग्रामसभेतून होते. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी असलेली रमाई आवास योजना हे त्याचे आपल्या परिचयाचे उदाहरण आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीचा मोठा हिस्सा पाणीपुरवठा व स्वच्छता यांसाठी बांधून दिलेला होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ग्रामपंचायतीची कार्यकारी सत्ता कायद्याने सरपंचाकडे दिलेली आहे आणि ठरावांच्या अंमलबजावणीची जबाबदारीही त्याच्यावरच आहे. ग्रामसेवक हा जिल्हा परिषदेचा कर्मचारी असून तो पंचायतीचा सचिव म्हणून काम पाहतो. ‘ग्रामसेवक ऐकत नाही’ हे सरपंचाचे उत्तर आणि ‘सरपंच सही करीत नाहीत’ हे ग्रामसेवकाचे उत्तर, या दोहोंच्या मध्ये गावकऱ्याचा अर्ज महिनोन् महिने फिरत राहतो. कायदा मात्र याबाबतीत पुरेसा स्पष्ट आहे.

४. अपेक्षांचे दोन प्रकार

लोक आपल्या प्रतिनिधीकडे जातात तेव्हा बहुधा दोन प्रकारच्या मागण्या घेऊन जातात. पहिला प्रकार वैयक्तिक कामांचा: दाखला हवा आहे, घरकुलात नाव घालायचे आहे, मुलीच्या लग्नाला यावे, दवाखान्यात कोणाला फोन करावा, पोलीस ठाण्यात शब्द टाकावा. दुसरा प्रकार सार्वजनिक कामांचा: वस्तीला पाणी, शाळेला खोली, गटारांची दुरुस्ती, हिशेबाची मागणी.

पहिल्या प्रकारच्या मागण्या तुच्छ मानू नयेत. ज्याला कचेरीतील भाषा समजत नाही, ज्याची मजुरी एका हेलपाट्याने बुडते, त्याला कोणाचा तरी आधार हवाच असतो. अडीअडचणीला धावून येणारा माणूस लोकांना आपला वाटतो, यात गैर काही नाही. परंतु नेतृत्वाची सारी कल्पनाच जेव्हा या एका गोष्टीत सामावते, तेव्हा फार मोठे नुकसान होते. जो दाखला कायद्याने ठरलेल्या मुदतीत मिळायला हवा, तो ‘साहेबांच्या कृपेने’ मिळाला असे वाटू लागते. हक्काचे रूपांतर उपकारात होते. उपकार करणारा पाच वर्षांनी त्याची परतफेड मतपेटीतून मागतो, आणि ज्याने उपकार घेतले त्याला हिशेब विचारण्याचे धैर्य राहत नाही. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम झाला. त्यात अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकांना दिला आहे. ज्या गावात हा कायदा माहीत आहे, त्या गावात दाखल्यासाठी पुढाऱ्याच्या ओट्यावर बसावे लागत नाही. त्यामुळे पुढाऱ्याकडे मोठी कामे मागण्याची उसंत लोकांना मिळते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेचा धोका दाखवून दिला होता. आपण तो इशारा मोठ्या नेत्यांपुरता समजतो. वास्तविक तो वाडी-वस्तीवरच्या पुढाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

५. कोणत्या अपेक्षा बाळगाव्यात

(अ) ठरावाचा अंमल. महाडच्या अनुभवावरून ही अपेक्षा सर्वप्रथम येते. प्रत्येक ग्रामसभेच्या आरंभी मागील सभेच्या ठरावांचे काय झाले, हे सरपंचांनी सांगावे. काम झाले असल्यास खर्च सांगावा, झाले नसल्यास कारण सांगावे, आणि कारण वरच्या कार्यालयातील असेल तर आपण कोणता पाठपुरावा केला, त्याच्या पत्राची तारीख सांगावी. एवढी एक प्रथा पडली तरी गावाचा कारभार पुष्कळ सुधारेल.

(आ) न मागता दिलेला हिशेब. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये झाला. त्यानुसार अर्ज करून माहिती मिळते, हे सर्वांना माहीत आहे; परंतु सार्वजनिक प्राधिकरणाने पुष्कळशी माहिती स्वतः होऊन प्रसिद्ध करावी, हीही त्याच कायद्याची आज्ञा आहे. जमाखर्चाचा गोषवारा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला, तर अर्जदार आणि सरपंच यांच्यात वैर उत्पन्न होण्याचे कारणच उरत नाही. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. प्रामाणिक प्रतिनिधीला हिशेबासारखा मित्र नाही.

(इ) सर्वांत मागे असलेल्याची बाजू. बहुमताने निवडून आलेला प्रतिनिधी निवडणुकीनंतर साऱ्या गावाचा असतो. ज्या वस्तीने मते दिली नाहीत तिचा रस्ता अडविणे, हा केवळ मनाचा कोतेपणा नसून सार्वजनिक पैशाचा अपहार आहे. कारण तो पैसा त्या वस्तीचाही असतो. मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के निधी हे या बाबतीत चांगले प्रमाण आहे. तो खर्च झाला की नाही, एवढेच पाहून भागत नाही. वस्तीतील लोकांना विचारून तो खर्च झाला काय, हेही पाहावे लागते. वस्तीला अभ्यासिका हवी असताना तेथे प्रवेशद्वाराची कमान उभी राहते, आणि निधी ‘शंभर टक्के खर्च’ अशी नोंद होते. कमानीखालून जाणाऱ्या मुलांना मात्र संध्याकाळी अभ्यासाला बसण्यास जागा नसते.

(ई) अप्रिय निर्णय घेण्याचे धैर्य. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी त्याला एकट्याने विरोध केला आणि तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असा आग्रह धरला. शहरात दारूची दुकाने वाढविण्यासही त्यांनी विरोध नोंदविला. सभागृहात एकटे पडण्याची भीती त्यांना वाटली नाही. सरकारनियुक्त सदस्य असूनही त्यांनी सरकारच्या मर्जीचा विचार केला नाही, हे विशेष.

आपल्या काळातील उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे आहे. दुष्काळाने आणि स्थलांतराने जर्जर झालेल्या या गावाची सूत्रे पोपटराव पवार यांनी सरपंच म्हणून हाती घेतली, ती १९८९-९० च्या सुमारास. डोंगरउतारावर पाणी अडविण्याची कामे झाली, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी आली, श्रमदान झाले. ही कामे पुष्कळ गावांत होतात. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढे आहे. पाणी आल्यावर गावाने शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास आणि उसासारखी फार पाणी पिणारी पिके घेण्यास बंदी घातली. दरवर्षी पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यानुसार पिके ठरतात. शेतकऱ्याला ‘तुझ्याच रानात बोअर घेऊ नकोस’ असे सांगणे कोणत्याही पुढाऱ्याला सोपे नाही. ते लोकांनी मानले, कारण नियम सर्वांना सारखा होता आणि तो ग्रामसभेत बसून केला होता.

(उ) एकत्र बसून निर्णय. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्यासाठी प्रसिद्ध आहे. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढच्या सभेपर्यंत लांबविली जाते. या पद्धतीला वेळ लागतो. परंतु घेतलेला निर्णय मोडण्यास मग कोणी उरत नाही. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. तेथील नेतृत्व सभेच्या मध्यभागी बसते, सभेच्या वर बसत नाही.

६. राखीव जागा आणि हातातील सत्ता

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. सरपंचपदही आळीपाळीने स्त्रिया, अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांकडे येते. हे परिवर्तन लहान नाही. ज्या चावडीसमोरून जाताना आपल्या आजोबांना पायातील वहाणा हातात घ्याव्या लागत, त्या चावडीतील खुर्चीवर त्यांची नात बसू शकते, ही गोष्ट आपल्या पिढीने पाहिली.

परंतु खुर्ची मिळणे आणि सत्ता मिळणे यांत अंतर असते. अनेक ठिकाणी सही सरपंचबाईंची असते आणि शब्द त्यांच्या पतीचा वा सासऱ्याचा. अनुसूचित जातीचा सरपंच निवडून येतो. पण गावातील बलवान गटाच्या पाठिंब्यावर निवडून आल्यामुळे आपल्याच वस्तीच्या पाण्याचा विषय काढताना त्याला दोनदा विचार करावा लागतो. २०१७ मध्ये सरपंचाची थेट निवड सुरू झाली, २०२० मध्ये ती बंद झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. थेट निवडून आलेल्या सरपंचामागे सदस्यांचे बहुमत नसेल, तर मासिक सभेत त्याचे विषय अडविले जातात, हाही अनुभव आहे.

अशा प्रतिनिधीकडून आपण अपेक्षा करतो, तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारी कोणाची? वस्तीतील माणूस सरपंच झाला की ‘आता आपले राज्य आले’ म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि सहा महिन्यांनी ‘तोही त्यांनाच मिळाला’ म्हणून त्याला दोष देतो. मधल्या काळात ग्रामसभेला मात्र आपण गेलेलो नसतो. एकाकी पडलेला प्रतिनिधी वाकतो. सभेत वीस आयाबाया आणि वीस तरुण त्याच्यासमोर बसलेले असतील, तर त्याच माणसाचा आवाज बदलतो. सरपंचबाईंच्या जागी त्यांचे पती बोलू लागले, तर ‘आम्हाला बाईंचेच म्हणणे ऐकायचे आहे’ असे नम्रपणे सांगणारे एखादे तोंड सभेत असावे लागते. राखीव जागेला खरा अर्थ अशा उपस्थितीमुळे येतो.

७. शहरातील नागरिक

शहरांसाठी ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले. तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद झाली. तथापि ग्रामसभेसारखी, प्रत्येक मतदाराला हक्काने बसता येईल अशी बैठक शहरवासीयांच्या अनुभवात जवळजवळ नाहीच. त्यामुळे झोपडपट्टीतील नळ, शौचालय, पावसाळ्यातील नाला हे विषय नगरसेवकाच्या कार्यालयातच सुटतात वा अडतात. २०२२ नंतर मुंबई-पुण्यासह अनेक महानगरपालिकांचा कारभार निवडणुकांअभावी काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात रस्त्यांची कामे थांबली नाहीत; पण सभागृहात उभे राहून जाब विचारणारा कोणी नव्हता. निवडून आलेल्या प्रतिनिधीचे मोल त्याच्या अनुपस्थितीत कळते, ते असे.

८. लोकांचे स्वतःचे कर्तव्य

महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी एक बोधप्रद प्रसंग आहे. मगधराज अजातशत्रूला वज्जींवर स्वारी करावयाची होती. त्याने आपला अमात्य वस्सकार याला राजगृह येथे गृध्रकूट पर्वतावर भगवान बुद्धांकडे पाठविले. भगवंतांनी त्याला थेट उत्तर न देता आनंदाला प्रश्न विचारण्यास आरंभ केला. वज्जी वारंवार आणि मोठ्या संख्येने एकत्र जमतात काय? एकोप्याने बसतात, एकोप्याने उठतात आणि आपली कर्तव्ये एकोप्याने पार पाडतात काय? केलेले नियम पाळतात काय? वडीलधाऱ्यांचा मान राखतात काय? स्त्रियांवर बळजबरी करीत नाहीत ना? हे जोवर चालू आहे, तोवर वज्जींची उन्नतीच अपेक्षावी, अवनती नव्हे, असे भगवंतांनी सांगितले.

यातील मर्म असे की, वज्जींचा प्रमुख किती शूर आहे वा किती बुद्धिमान आहे, हा प्रश्न भगवंतांनी एकदाही विचारला नाही. त्यांनी विचारले ते सभेविषयी. गणराज्याचे बळ नायकात शोधू नये, लोकांच्या एकत्र येण्याच्या सवयीत शोधावे, हा त्याचा अर्थ होय. आज आपल्या गावाला हाच प्रश्न विचारून पाहावा: आम्ही वारंवार आणि मोठ्या संख्येने एकत्र जमतो काय? गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. मग चार माणसांच्या उपस्थितीत वर्षभराचे निर्णय होतात. त्या चौघांना दोष देताना, न आलेल्या चारशे जणांकडे कोण पाहणार?

दुसरे कर्तव्य कराचे. घरपट्टी व पाणीपट्टी थकवून पंचायतीकडे सुविधा मागणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. स्वतःच्या उत्पन्नावर उभी असलेली पंचायतच वरच्या कार्यालयापुढे ताठ मानेने उभी राहू शकते. तिसरे कर्तव्य मताचे. मतदानाच्या आदल्या रात्री घेतलेल्या नोटेची किंमत पाच वर्षांच्या मौनाने चुकवावी लागते. ज्याने मत विकले, त्याने प्रश्न विचारण्याचा हक्कही त्याच व्यवहारात देऊन टाकलेला असतो.

समारोप

लोकप्रतिनिधीने सर्वज्ञ असावे, श्रीमंत असावे, वरपर्यंत वजन असलेला असावे, अशी अपेक्षा करण्याचे कारण नाही. त्याने सभा वेळेवर घ्यावी, ठरलेले काम करावे, पैशाचा हिशेब द्यावा, दुबळ्याचा हक्क बलवानाच्या रागापुढे सोडू नये आणि न झालेल्या कामाचे खरे कारण लोकांसमोर सांगावे. या पाच गोष्टींसाठी फार मोठी पदवी लागत नाही. चारित्र्य मात्र लागते. लोकांनीही सभेला यावे, कर भरावा, मत विकू नये आणि आपल्या प्रतिनिधीला प्रश्नही विचारावेत व बळही द्यावे.

महाडच्या तळ्याचे पाणी ठरावाने मिळाले नाही. ठरावामागे माणसे उभी राहिली तेव्हा त्याची वाट मोकळी झाली. आपापल्या गावातील ठरावांच्या मागे उभी राहणारी माणसे तयार करणे, हे शिक्षणाचे एक प्रयोजन मानले पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. सुट्टीत गावी गेल्यावर ग्रामसभेस पालकांसोबत उपस्थित राहा. किती स्त्रिया व किती पुरुष आले आणि त्यांपैकी किती जण बोलले, याची नोंद करा.

२. मागील वर्षातील कोणतेही तीन ठराव निवडून त्यांचा अंमल झाला काय, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा.

३. आपल्या ग्रामपंचायतीचा १५ टक्के मागासवर्गीय कल्याण निधी कोणत्या कामावर खर्च झाला, याची माहिती घ्या. त्या कामाविषयी वस्तीतील पाच वडीलधाऱ्या माणसांचे मत लिहून आणा.

४. १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव आणि १९२७ मधील त्याची माघार यांवर वर्गात चर्चा करा. ‘आपण त्या नगरपालिकेचे सदस्य असतो तर कोणती भूमिका घेतली असती?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने कारणांसह मांडावे.